नाक अजून जागं आहे

पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि कानांची भोकंही बंद असतात. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात, कान मोकळे व्हायला त्याहून थोडे जास्त. म्हणजे आयुष्याचे पहिले दोन आठवडे प्रत्येक कुत्रा आंधळा आणि बहिराच असतो. तरी तो आईच्या आचळापाशी बरोबर पोचतो, भावंडांच्या ढिगात ऊब शोधतो आणि आई उठून गेली की कुईकुई करतो. वास आणि स्पर्श या दोनच गोष्टींवर त्याचं सगळं भागतं. पुढे डोळे-कान कामाला लागले तरी या दोन वाटा बुजत नाहीत. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी.

ज्या कुत्र्यांचे कान, डोळे किंवा दोन्ही गेले आहेत त्यांच्याविषयी हे प्रकरण आहे. त्यांच्यापर्यंत पोचायचं ते याच दोन जुन्या वाटांनी. कसं पोचायचं, हे मात्र अधूपण कोणत्या वयात आलं यावर ठरतं. जन्मापासून बहिऱ्या पिल्लाला आपल्यात काही उणं आहे याचा पत्ताच नसतो. सहा-सात वर्षांच्या कुत्र्याची नजर आठवड्याभरात गेली, तर त्याचं सगळं जग उलथंपालथं होतं. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं ऐकणं इतकं हळूहळू कमी होतं की घरच्यांना ते कित्येक महिने कळतच नाही.

आधी पिल्लांचं पाहू. जन्मजात बहिरेपणाचं बहुतेक वेळा रंगाशी नातं असतं. कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी कानाच्या अगदी आतल्या भागातही असतात. तिथे त्यांच्याकडे वेगळं काम असतं: आतल्या द्रवातलं पोटॅशियमचं प्रमाण राखणं. अंगावर पांढरा रंग पसरवणाऱ्या काही जनुकांमुळे या पेशी कानापर्यंत पोचतच नाहीत. मग पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत तिथल्या रक्तवाहिन्या सुकतात आणि त्यांच्यामागोमाग आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी मरतात. एकदा मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेत डाल्मेशियन कुत्र्यांच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांत सुमारे ३० टक्के कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रेन यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. आपल्याकडे तमिळनाडूच्या राजापालयम या देखण्या जातीतही हाच प्रश्न आहे. पांढराशुभ्र अंगरखा आणि गुलाबी नाक हवं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास झाली, आणि बहिरी पिल्लं जन्माला येत राहिली.

याहून वाईट प्रकार मर्ल रंगाचा. निळसर-करड्या अंगावर गडद ठिपके असलेला हा रंग हल्ली फोटोंमुळे फार मागणीत आहे. मर्ल रंगाच्या नर-मादीचा संकर केला, तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्हीकडून ते जनुक मिळतं. अशी पिल्लं बरीचशी पांढरी असतात. त्यांतली पुष्कळ बहिरी निघतात, काहींचे डोळे बारीक आणि निकामी असतात, काही आंधळी-बहिरी दोन्ही असतात. हे आधीच माहीत असताना निव्वळ रंगाच्या हौसेपायी असा संकर करणं म्हणजे सरळसरळ क्रूरता आहे, आणि असं पिल्लू विकत घेणारा त्या क्रूरतेला पैसे पुरवतो. पण जन्माला आलेल्या पिल्लाचा यात काय दोष? त्याला घर मिळायलाच हवं.

पिल्लू बहिरं आहे हे पाच-सहा आठवड्यांपर्यंत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण ते भावंडांच्या मागे धावतं. भावंडं जेवायला पळाली की तेही पळतं. संशय आला तर ते गाढ झोपलेलं असताना, त्याला दिसणार नाही अशा जागेवरून किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघावा. टाळी वाजवू नये, पाय आपटू नये, कारण हवेचा झोत आणि जमिनीतली थरथर पिल्लाला लगेच कळते, आणि ते कान टवकारून आपली फसगत करतं. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू या घरगुती चाचणीत सापडत नाही. ते हाक ऐकतं, फक्त हाक कुठून आली ते त्याला नेमकं समजत नाही, म्हणून जागच्या जागी गोल फिरून शोधतं. खात्रीची तपासणी एकच: डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया टोचून, कानात टकटक आवाज सोडून मेंदूत उमटणाऱ्या विजेच्या लहरी मोजायच्या. बेअर या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी पाच आठवड्यांनंतर करता येते. ती सगळीकडे होत नाही, त्यामुळे आधी चौकशी करावी.

बहिऱ्या पिल्लाला शिकवणं अवघड असतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. कुत्री मुळातच आपल्या तोंडाकडे आणि हातांकडे बघून शिकतात. शब्द त्यांना नंतर कळतो, हात आधी कळतो. बहिऱ्या पिल्लाला सगळ्यात पहिल्यांदा शिकवायचं ते आपल्याकडे बघायला. जमिनीवर त्याच्या शेजारी बसावं. हातात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे ठेवावेत. काही बोलू नये, हात हलवू नये. पिल्लू हात चाटेल, पंजा मारेल, इकडेतिकडे बघेल. कधी ना कधी त्याची नजर आपल्या तोंडाकडे वळते. त्याच क्षणी अंगठा वर करायचा आणि तुकडा द्यायचा. अंगठा वर म्हणजे ‘शाबास, हेच हवं होतं’. थोड्याच दिवसांत पिल्लू खोलीत खेळता खेळता मधूनच मान वळवून आपला अंगठा कुठे आहे ते बघू लागतं. ही सवय लागली की बाकी सगळं तिच्यावर रचता येतं. तळवा वर उचलला की बस, तळवा खाली दाबला की झोप, हात छातीकडे ओढला की ये. खुणा कोणत्याही चालतात. अट एवढीच की घरातल्या आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सगळ्यांनी तीच खूण करायची.

दुसरी गोष्ट झोपेची. बहिरं कुत्रं गाढ झोपतं आणि अचानक कुणी हात लावला तर दचकून तोंड घालतं. यात रागाचा भाग नसतो, निव्वळ दचकणं असतं. म्हणून सुरुवातीपासून रोज थोडा वेळ त्याला सवय करावी: पिल्लू जागं असताना मागून खांद्याला हलकेच बोट लावायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. मग पेंगुळलेलं असताना, मग झोपेत. उठवताना आधी तळहात नाकाजवळ न्यायचा. वास पोचला की नाकपुड्या हलतात, डोळे उघडतात, मग हात लावायचा. पाठीला स्पर्श म्हणजे काहीतरी चांगलं, ही गाठ एकदा मनात बसली की लहान मुलांच्या घरातही बहिरं कुत्रं निर्धास्त राहतं. बहिरी कुत्री चावरी असतात हा समज जुना आहे आणि त्यापायी पूर्वी अनेक पिल्लं मारून टाकली गेली. २०१४ मध्ये इलिनॉय स्टेट विद्यापीठातल्या व्हॅलेरी फार्मर-डूगन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अधू कुत्री धडधाकट कुत्र्यांपेक्षा जास्त आक्रमक असल्याचं दिसलं नाही.

रस्त्यावर मात्र बहिऱ्या कुत्र्याला साखळीशिवाय कधीही सोडू नये. मागून येणारी रिक्षा त्याला कळणार नाही, आणि हाक मारून थांबवायची सोय नाही. गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर फोन नंबरासोबत ‘मला ऐकू येत नाही’ एवढं कोरून घ्यावं. थरथरणारा पट्टा मिळतो, तो ‘माझ्याकडे बघ’ एवढ्यासाठी वापरला तर उपयोगाचा आहे. विजेचा झटका देणारा पट्टा कुणी सुचवला तर त्या माणसाचा सल्ला पुन्हा घेऊ नये.

मधल्या वयात येणारं अधूपण वेगळ्या जातीचं असतं. इथे धीरापेक्षा घाई महत्त्वाची, कारण काही आजारांत एक-दोन दिवसांत डोळा जातो. काचबिंदू हा त्यातला सगळ्यात क्रूर. डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होतो, बुबुळावर धुकट छटा येते, बाहुली मोठी राहते, आणि कुत्रं खाणं सोडून कोपऱ्यात डोकं खाली घालून बसतं. कॉकर स्पॅनिएल आणि बॅसेट हाऊंड यांना हा धोका जास्त. ‘डोळे आलेत, उद्या बघू’ असं म्हणून रात्र काढली तर नजर परत येत नाही. घरातल्या माणसाचे उरलेले थेंब तर चुकूनही घालू नयेत. डोळ्यावर जखम असली आणि थेंबांत स्टेरॉइड असलं तर बुबुळ वितळल्यासारखं होऊन फुटू शकतं.

महाराष्ट्रात गोचीड ताप घरोघरी माहीत आहे. त्यात नाकातून रक्त येतं, कुत्रं मलूल होतं, हे लोक ओळखतात. पण तोच ताप डोळ्याच्या आत सूज आणि रक्तस्राव करून आंधळेपणाही आणतो. ताप उतरला तरी डोळे लाल किंवा ढगाळ दिसत असतील तर ते वेगळं दाखवावं लागतं. मधुमेहाचंही तसंच. कुत्रं पाणी ढसाढसा पिऊ लागलं, सारखी लघवी करू लागलं, खाऊन-पिऊन वाळू लागलं, तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांना वर्ष-सव्वा वर्षात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होतो. हा मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो, पण वेळेवर. उशीर झाला की डोळ्यात सूज येऊन यशाची शक्यता घटते.

डोळ्याच्या पडद्याचे आजार दुखत नाहीत, म्हणून कळतही नाहीत. लॅब्राडॉर, कॉकर अशा जातींमध्ये आनुवंशिक ऱ्हासाने पडदा हळूहळू निकामी होतो. पहिली खूण रातांधळेपणाची: संध्याकाळी फिरायला निघालेला कुत्रा सोसायटीच्या अंधाऱ्या जिन्यात अडतो, आणि त्याच्या डोळ्यांची चमक पूर्वीपेक्षा जास्त दिसते. हा दोष दोन्ही पालकांकडून यावा लागतो. जनुकीय तपासणीने तो पिल्लं होण्याआधीच ओळखता येतो, त्यामुळे पैदास करणाऱ्याकडे हा अहवाल मागण्यात संकोच करू नये. याच जातकुळीच्या एका आजारात कुत्र्यांनी माणसांवर केवढे उपकार केले आहेत ते सांगायला हवं. ब्रिआर्ड जातीतल्या आंधळ्या जन्मलेल्या कुत्र्यांच्या पडद्याखाली दुरुस्त जनुक सोडून त्यांना दृष्टी दिल्याचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतला लान्सलॉट नावाचा कुत्रा पुढे अमेरिकी संसदेत नेऊन दाखवण्यात आला. त्याच जनुकातल्या दोषामुळे आंधळेपणाकडे जाणाऱ्या मुलांसाठीच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

आणखी एका आजारात पडदा काही दिवसांतच बंद पडतो. डोळा वरून स्वच्छ, चकचकीत, आणि नजर मात्र शून्य. त्याआधी बऱ्याचदा भूक-तहान वाढलेली असते. यावर आज खात्रीचा उपचार नाही.

नजर अचानक गेलेला कुत्रा पहिले काही दिवस खचतो. पडून राहतो, गुरगुरतो, पायरीपाशी थरथरतो. तेव्हा घरच्यांचा जीव तुटतो आणि ते त्याला उचलून इकडून तिकडे नेऊ लागतात. हे टाळावं. उचलून दुसरीकडे ठेवलेल्या आंधळ्या कुत्र्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही, त्याच्या डोक्यातला नकाशा पुसला जातो. लहान जातीच्या कुत्र्याला उचलावंच लागलं तर खाली ठेवायची जागा कायम एकच असावी, पाण्याच्या भांड्याजवळची. तिथून त्याला सगळी दिशा लागते.

ओळखीच्या एका घरी मी हे जवळून पाहिलं. लॅब्राडॉर कुत्री, दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले. त्या घरातल्या काकूंनी बैठकीच्या खोलीपासून गॅलरीपर्यंत सतरंजीच्या लांब पट्ट्या अंथरल्या होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआधी काथ्याचं पायपुसणं, न्हाणीघरापाशी रबराचं. कुत्री सतरंजीवरून सरळ चालत यायची, पंजाला काथ्या लागला की थबकायची आणि पुढचा पाय जरा उचलून उंबरा ओलांडायची. नाक भिंतीला एकदाही लागलं नाही. जिन्याच्या तोंडाशी लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक होतं. साखळी धरून बाहेर निघालं की काकू म्हणायच्या, “पायरी, बाळा, खाली,” आणि ती पाय खाली सोडून अंदाज घ्यायची. ‘वर’, ‘खाली’, ‘थांब’, ‘जपून’ हे चार शब्द आंधळ्या कुत्र्याला फार लवकर कळतात. फक्त प्रत्येक वेळी तेच वापरायला हवेत.

टेबलाचे टोकदार कोपरे जुन्या चादरीने गुंडाळावेत, कुंड्या नाकाच्या उंचीवरून हलवाव्यात, डोळ्यात घुसतील अशा फांद्या छाटाव्यात. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधावं. वासाची खूण करायची तर कुत्र्याच्या अंथरुणात आपला वापरलेला सुती कपडा ठेवावा किंवा दाराच्या चौकटीला व्हॅनिला इसेन्सचं बोट लावावं. कापूर, निलगिरी आणि टी ट्री तेल वापरू नये, ती कुत्र्याला बाधतात. डोक्याभोवती कमानीसारखी येणारी एक रिंग मिळते. ती छातीच्या पट्ट्याला जोडली की डोकं आपटण्याआधी रिंग आपटते. काहींना ती फार आवडते, काही ती घातली की पुतळ्यासारखे उभे राहतात.

काचबिंदूने गेलेला डोळा दुखत राहतो, आणि पशुवैद्य तो काढायला सांगतात तेव्हा घरच्यांचं काळीज चिरतं. चेहरा विद्रूप होईल, असं मनात येतं. कुत्र्याला चेहऱ्याची फिकीर नसते. त्याला डोकेदुखी थांबायला हवी असते. डोळा काढल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा चेंडू तोंडात घेऊन येणाऱ्या कुत्र्यांकडे बघून घरच्यांना कळतं, की आपण ज्याला म्हातारपण समजत होतो ती वेदना होती.

कानांचं मधल्या वयातलं दुखणं बहुतेक वेळा संसर्गाचं. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात कानात ओल धरते, वास येतो, कुत्रं डोकं झटकतं. तेव्हा कोमट तेल घालायची आपल्याकडची सवय मोडायला हवी. कानाचा पडदा फाटला असेल तर तेलच काय, काही औषधी थेंबही आत जाऊन ऐकण्याच्या पेशी कायमच्या मारतात. म्हणून आधी पडदा शाबूत आहे का ते पशुवैद्याने बघायचं आणि मगच थेंब घालायचे.

म्हातारपणी कान आणि डोळे दोन्ही मंदावतात, पण लोकांना डोळ्यांचंच आधी दिसतं. सहा-सात वर्षांनंतर बाहुलीत निळसर धूसर झाक येते. बहुतेक वेळा तो मोतीबिंदू नसतो. डोळ्याचं भिंग वयाने घट्ट झालेलं असतं आणि त्यातून कुत्र्याला पुरेसं दिसतं. मोतीबिंदू पांढरा, दुधाळ असतो. फरक पशुवैद्याकडूनच करून घ्यावा. घरी एवढं करता येतं: कापसाचा बोळा त्याच्यासमोर वरून सोडायचा. कापूस आवाज करत नाही आणि वारा घालत नाही, त्यामुळे नजर त्याच्या मागोमाग गेली तर दिसतंय असं समजावं.

कानांच्या बाबतीत उंच पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणून शिट्टीला न येणारा म्हातारा कुत्रा जाड आवाजातल्या हाकेला येतो, आणि घरचे म्हणतात, “हट्टी झालाय हो, सोयीने ऐकतो.” हट्टी नव्हे, त्याला शिट्टी ऐकूच येत नसते. हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. दाराची बेल वाजली तरी उठत नाही, आपण घरी आलो तरी झोपूनच असतो, पूर्वी फटाक्यांना घाबरायचा तो आता निवांत असतो. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक कुत्र्याला सहाव्या-सातव्या वर्षी, ऐकू येत असतानाच, शब्दासोबत हाताची खूण शिकवावी. शब्द एक दिवस हरवला तरी हात उरतो. दिवा दोनदा लुकलुकवणं, जमिनीवर पाय आपटणं, याही हाकाच आहेत. फरशी असली तर थरथर पुरेशी पोचत नाही. लाकडी पलंगावर झोपलेल्या कुत्र्याला मात्र काठावर टकटक केलेलं लगेच कळतं.

नजर अचानक कमी झाल्यासारखी वाटली तर म्हातारपणाच्या नावावर सोडून देऊ नये. मूत्रपिंडाच्या आजारात रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटू शकतो, आणि दाब लवकर उतरवला तर काही दृष्टी वाचते. रात्री घरभर फिरणं, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, उगाच भुंकणं यांत मेंदूच्या म्हातारपणाचाही भाग असू शकतो. अशा कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत रात्रीचा मंद दिवा लावला तर त्याची आणि आपली, दोघांची झोप होते. दिवसा त्याच्या नाकाला काम द्यावं. चिवड्याचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन त्यात कागदाचे बोळे भरायचे, तळाशी खाऊचे तुकडे टाकायचे. म्हातारा, आंधळा, बहिरा कुत्रा त्यात अर्धा तास मजेत घालवतो. फिरायला नेल्यावर एकाच खांबापाशी तो रेंगाळला तर ओढू नये, तिथलं त्याचं वाचून होऊ द्यावं.

ज्याचे कान आणि डोळे दोन्ही गेले आहेत त्याच्याशी बोलायचं ते अंगावर. उजव्या खांद्याला एक थाप म्हणजे उजवीकडे वळ, कमरेच्या वर हलका दाब म्हणजे बस, हनुवटीखाली बोट म्हणजे खाऊ. त्याच्याकडे नेहमी एकाच बाजूने जावं आणि हात लावण्याआधी अंगठी-अत्तर न बदललेला आपला ओळखीचा हात नाकापुढे धरावा.

सणासुदीला या कुत्र्यांची खरी परीक्षा असते. गणपती बसवायला सोफा भिंतीला जातो, टीपॉय आतल्या खोलीत, मधे मखर उभं राहतं, आणि आंधळ्या कुत्र्याचं घर एका रात्रीत परकं होतं. मखराची जागा दरवर्षी एकच ठेवावी, सामान हलवल्यावर कुत्र्याला साखळीने धरून सगळीकडे एक-दोन फेऱ्या मारून आणावं, आणि पाहुण्यांच्या चपलांचा ढीग त्याच्या वाटेत पडू देऊ नये. दिवाळीत आंधळ्या कुत्र्याचा त्रास दुप्पट असतो, कारण आवाज तर येतो आणि तो कुठून आला ते बघता येत नाही. आतल्या खोलीत, पंखा आणि रेडिओ चालू ठेवून, कुणीतरी त्याच्याजवळ बसावं. पार्किंगमध्ये झोपणाऱ्या म्हाताऱ्या भटक्या कुत्र्यांचंही लक्षात असू द्यावं. गाडी सुरू झाल्याचा आवाज त्यांना येत नाही. गाडी काढण्याआधी वाकून चाकांखाली बघावं.

आणि कधी चार दिवस गावी जायची वेळ आली, तर कुत्र्याला अनोळखी ठिकाणी ठेवण्यापेक्षा माणसाला आपल्या घरी राहायला बोलवावं. फ्रिजच्या दारावर एक कागद लावून जावं. त्यावर कोणत्या खुणेचा काय अर्थ ते चित्रासकट, औषधांच्या वेळा, पशुवैद्यांचा नंबर, आणि मोठ्या अक्षरांत: खुर्च्या हलवू नका, भांडं जागेवरच ठेवा, झोपेत हात लावण्याआधी नाकापाशी हात न्या.